मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' (१८१७) : मॉडेलसाठी खात्रीचे संदर्भ कुठे शोधू?

रंधा

नमस्कार मंडळी. जहाजांच्या मॉडेलची चार लाकडी किटं पूर्ण केल्यावर आता पहिल्यांदाच किटशिवाय, प्रत्येक फ्रेम (जहाजाच्या सांगाड्याची बरगडी) स्वतः कापून जहाज करायचं ठरवलंय. जहाज आहे 'एचएमएस ट्रिंकोमाली'. माझे आजोबा मुंबईच्या गोदीत सुतार होते. त्यांचा रंधा आणि दोन पटाशा अजून माझ्या टेबलावर आहेत, त्यामुळे मुंबईच्या गोदीतलंच जहाज करायचं हे आधीपासून मनात होतं.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : ब्रिटिश नौदलासाठी वाडिया घराण्यातल्या जहाजबांधणाऱ्यांनी मुंबईत सागवानात बांधलेली ही फ्रिगेट (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका). १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. मुख्य तोफमजल्याची लांबी सुमारे १५० फूट. मी १:६४ प्रमाण धरलंय, म्हणजे हल (जहाजाचं मुख्य धड) साधारण ७१ सेंमीचा होतो.

आता अडचण सांगते. इंटरनेटवर एक सुबक आराखडा मिळाला. त्यावरून प्लायमध्ये सगळ्या फ्रेम कापल्या, कण्यावर बसवल्या, पिछाडीपर्यंत आले. तेव्हा दुसऱ्या एका चित्राशी ताडून पाहिलं तर पिछाडी जुळेचना. माझ्या आराखड्यात ती गोलसर, चित्रात सपाट आणि खिडक्यांची. शोधता शोधता कळलं की १८४५ च्या सुमारास जहाजाची पिछाडी बदलून लंबगोल केली होती. म्हणजे मी १८१७ चं जहाज समजून तीस वर्षांनंतरचं जहाज कापत होते. त्या आराखड्यावर कोणी काढला, कशावरून काढला, कोणत्या वर्षाचा, काहीही लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. आठ महिन्यांचं काम बाजूला ठेवलंय.

तर आता सुरुवात नीट करायची आहे. मूळ आराखडे कुठे मिळतील? फोटोंवर किती विसंबायचं? आणि आपल्याकडच्या, मुंबईच्या दप्तरात या जहाजाचं काही असेल का?

गलबत७२

रंधाताई, आठ महिने गेले याचं वाईट वाटलं, पण त्या फ्रेम टाकू नका. कण्याजवळचा आणि मधला भाग १८४५ मध्ये बदललेला नाही, पुढे ताडून पाहायला उपयोगी पडतील.

कोणताही संदर्भ शोधण्याआधी एक वर्ष ठरवा. नुसतं 'ट्रिंकोमाली' पुरेसं नाही. दोनशे वर्षं टिकलेल्या जहाजाची निदान चार रूपं असतात. या जहाजाची मला दिसतात ती अशी : १८१७ ते १८१९, मुंबईत बांधून पोर्ट्समथला पोचेपर्यंतची फ्रिगेट. त्यानंतर बरीच वर्षं ती राखीव ताफ्यात नुसती उभी होती. मग १८४५ च्या फेरफारानंतरचं कॉर्व्हेट (फ्रिगेटपेक्षा खालच्या दर्जाची युद्धनौका), जे १८४७ ते १८५७ अशी दहा वर्षं प्रत्यक्ष सेवेत फिरलं. त्यानंतर १८६० पासून प्रशिक्षणाचं जहाज. आणि शेवटी १९९० ते २००१ च्या दुरुस्तीनंतरचं आजचं रूप. एका रूपाचा संदर्भ दुसऱ्याला लावला की तुमच्या पिछाडीचं झालं तसं होतं.

तोफांचंच बघा. कुठे वाचाल ३८ तोफांची फ्रिगेट, कुठे ४६ आणि कुठे २६. तिन्ही बरोबर आहेत! ती ज्या वर्गाची (एकाच मूळ आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांच्या गटाची) आहे तो लिडा वर्ग मूळचा ३८ तोफांचा. पण त्या काळी आखूड नळीच्या कॅरोनेड तोफा जहाजाच्या दर्ज्यात धरत नसत. १८१७ मध्ये नौदलाने मोजणीचा नियम बदलला, कॅरोनेडही धरल्या आणि तेच जहाज कागदावर ४६ तोफांचं झालं. २६ हा आकडा १८४५ नंतरचा, तेव्हा तोफा कमी करून जास्त जड बसवल्या. म्हणजे आकडा वाचला की तो कोणत्या सालातला हे आधी विचारायचं.

मूळ आराखड्यांसाठी पहिली जागा ग्रिनिचचं नॅशनल मेरिटाइम म्युझियम. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या आराखड्यांचा प्रचंड संग्रह तिथे आहे आणि लिडा वर्गाचे अनेक आराखडे त्यात आहेत. यादी ऑनलाइन चाळता येते, प्रत मागवता येते. शोधताना फक्त 'ट्रिंकोमाली' टाकू नका, वर्गाचं नाव टाका आणि त्याच वर्गातल्या बहिणींची नावंही टाका : लिडा, शॅनन, पोमोन, युनिकॉर्न. बऱ्याचदा एकच आराखडा पाच-सहा जहाजांसाठी वापरलेला असतो आणि यादीत तो भलत्याच जहाजाच्या नावाखाली सापडतो. या वर्गाची मूळ रेषा तर ब्रिटिशांचीही नाही, १७८२ मध्ये पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेली. त्यामुळे हलच्या आकारासाठी हेबेचे आराखडेही बघण्यासारखे.

प्रत हातात आल्यावर तीन गोष्टी आधी बघा.

एक, आराखडा बांधण्यापूर्वीचा आहे की बांधून झाल्यावर जहाज मोजून काढलेला. पहिला म्हणजे इरादा, दुसरा म्हणजे पुरावा. दोन्ही मिळाले तर दोन्ही घ्या.

दोन, शाईचे रंग. त्या काळी नवीन कागद काढण्याऐवजी जुन्याच आराखड्यावर वेगळ्या रंगाच्या शाईने बदल दाखवत. काळ्या-पांढऱ्या प्रतीत हे सगळं एकत्र मिसळतं आणि दोन पिढ्यांच्या रेषा एकच वाटतात. म्हणून रंगीत प्रतच मागवा.

तीन, या आराखड्यांतल्या हलच्या रेषा सहसा फ्रेमच्या बाहेरच्या कडेच्या असतात, त्यावर बसणाऱ्या फळ्यांची जाडी त्यात धरलेली नसते. फ्रेम कापून वर फळ्या लावणार असाल तर रेषा तशाच वापरा. ठोकळ्यातून हल कोरणार असाल तर जाडी वाढवायला लागेल. चार इंचांची फळी १:६४ ला १.६ मिमी होते, दोन्ही बाजू मिळून ३.२ मिमी.

रंधा

गलबत७२, मनापासून आभार. तोफांच्या तीन आकड्यांवर मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या, एकेका लेखकाला चूक ठरवत.

वर्षाबद्दल : मला मुंबईतून निघालेलंच जहाज करायचं आहे. १८१७.

गलबत७२

तुमची इच्छा समजते, पण स्पष्ट सांगतो. १८४७ ते १८५७ घेतलंत तर काम निम्म्याने सोपं होईल. त्या काळातलं जहाज आज हार्टलपूलला बरंचसं समोर उभं आहे, लंबगोल पिछाडीसकट. प्रत्यक्ष मोजता येईल अशी वस्तू असताना कागदावर अंदाज का बांधायचे? शिवाय त्या दहा वर्षांच्या लॉगबुकांसाठी लंडनच्या केव भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये शोधता येतं. कप्तानांच्या नोंदवह्या 'एडीएम ५१' मालिकेत आणि जहाजाच्या 'एडीएम ५३' मालिकेत असतात. लॉगबुक म्हणजे फक्त वारा आणि दिशा नव्हे. कोणत्या दिवशी बाहेरून रंग दिला, कोणती होडी बदलली, कोणती काठी मोडून नवी चढवली, अशा नोंदी त्यात सापडतात. मॉडेलवाल्याला याहून मोलाचं काय?

दप्तरखाना

मी थोडा वेगळा विचार मांडतो. मी मॉडेलं करत नाही, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या कागदपत्रांवर बरीच वर्षं काम केलंय. १८१७ चं जहाज कागदांतून उभं राहू शकतं, फक्त वेगळ्या प्रकारच्या कागदांतून.

आधी या जहाजाच्या आराखड्यांचीच गोष्ट ऐका, कारण ती तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. जहाजाची मागणी ऑक्टोबर १८१२ मध्ये नोंदली गेली. आराखडे मुंबईला पाठवले ते 'जावा' या फ्रिगेटवरून. तिच्यावर मुंबईत बांधल्या जात असलेल्या जहाजांसाठी तांबंही होतं. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'ने जावाला हरवलं आणि नंतर जाळून टाकलं. आराखडे गेले. पुन्हा नकला करून पाठवाव्या लागल्या आणि कणा बसला तो एप्रिल १८१६ मध्ये. म्हणजे मुंबईच्या सुतारांच्या हातात जो कागद होता तो ग्रिनिचला आज आहे तोच कागद नव्हे, त्याची नक्कल. नकलेवरून, हजारो मैल दूर, ओकऐवजी सागवानात बांधताना कोणते बदल झाले असतील, हा खरा शोधाचा विषय आहे.

तो शोध तीन ठिकाणी घ्या.

मुंबईचं राज्य पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. मुंबई इलाख्याचे विभागवार खंड तिथे आहेत आणि तुम्हाला हवा तो मरीन विभाग. १८१२ ते १८१९ एवढेच खंड मागा. जाण्याआधी पत्र किंवा अर्ज तयार ठेवा, त्यात विषय आणि सालं नेमकी लिहा. 'जुन्या जहाजांची माहिती हवी' असं लिहिलंत तर तिथला माणूस तुम्हाला मदत करू शकणार नाही, 'मरीन विभाग, १८१६ आणि १८१७, गोदीचा पत्रव्यवहार' असं लिहिलंत तर करेल. आराखडा सापडेल अशी आशा धरू नका. लाकडाच्या मागण्या, लोखंडी सामानाच्या याद्या, गोदीच्या मुख्य बांधणाऱ्यांचे अहवाल, खर्चाचा हिशोब अशा कागदांवर डोळा ठेवा. यादीत 'इतके खिळे, इतक्या इंचांचे' असं आलं की तुमच्या मॉडेलवरचा खिळ्यांचा नमुना पुराव्याचा झाला.

दुसरं, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची (ब्रिटनच्या भारतविषयक खात्याची) दप्तरं. मुंबईहून कंपनीला गेलेली पत्रं तिथे आहेत. एकाच पत्राची एक प्रत मुंबईत आणि एक लंडनमध्ये असं बरेचदा असतं. इथली फाटलेली असेल तर तिथली बघायची.

तिसरं, केवमधलीच नौदल खात्याची कागदपत्रं, कारण जहाज मागवणारे ते.

आणि नावांच्या स्पेलिंगची काळजी घ्या. आपल्या नावांना त्या काळच्या इंग्रजी कारकुनांनी दहा तऱ्हांनी लिहिलंय. हे जहाज बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. 'जमशेटजी'त ज नंतर कुठे ए, कुठे यू, शेवटी कुठे आय तर कुठे दोन ई. बमनजींचंही तसंच. एकाच स्पेलिंगने शोधून 'काही नाही' म्हणून परत येऊ नका. सगळी रूपं आधी कागदावर लिहून काढा.

भिंगवाला

फोटोंबद्दल मी लिहितो, कारण माझा बराचसा वेळ जुन्या फोटोंकडे भिंगातून बघण्यात जातो.

रंधाताई, १८१७ चा फोटो असणं शक्य नाही, पण नंतरचे फोटो १८१७ साठीही कामाचे आहेत. हलचा मधला भाग, तोफखिडक्यांमधली अंतरं, वेल म्हणजे बाजूने जाणाऱ्या जाड फळ्यांचा पट्टा, या गोष्टी फारशा बदलत नाहीत.

फक्त एक लक्षात ठेवा. १८९७ मध्ये हे जहाज विकलं गेलं आणि त्याचं नाव 'फुद्रोयां' ठेवलं. १९९२ पर्यंत ते त्याच नावाने ओळखलं जात होतं. त्यामुळे फालमथ आणि नंतर पोर्ट्समथला उभं असतानाचे सगळे फोटो, पोस्टकार्डं, बातम्या फुद्रोयां या नावाखाली आहेत. 'ट्रिंकोमाली' शोधणाऱ्याला ही पंचाण्णव वर्षं दिसतच नाहीत.

यात आणखी एक खाचखळगा आहे. त्याच नावाचं एक जुनं जहाज होतं, १७९८ चं, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं एकेकाळचं ध्वजजहाज. ते १८९७ मध्ये ब्लॅकपूलला किनाऱ्यावर फुटलं आणि त्याच्याच आठवणीत मालकाने ट्रिंकोमालीला ते नाव दिलं. संग्रहांत दोघांचे फोटो सर्रास मिसळलेले आहेत. ओळखायची खूण सोपी आहे : जुनं फुद्रोयां ८० तोफांचं, दोन पूर्ण तोफमजल्यांचं. बाजूला तोफखिडक्यांच्या दोन रांगा दिसल्या की ते तुमचं जहाज नाही.

रंगाबद्दल जास्त सांभाळून. १८५० च्या दशकातल्या फोटोंना वापरलेली ओली कोलोडियन काच फक्त निळ्या बाजूच्या प्रकाशाला प्रतिसाद द्यायची. लाल आणि पिवळा त्यात जवळजवळ काळे येतात, निळा फिकट येतो. म्हणजे पिवळा पट्टा असलेलं जहाज फोटोत सगळं काळं दिसू शकतं. नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा सुधारला, लाल तरीही गडदच राहिला. म्हणून 'फोटोत काळं आहे' एवढ्यावर रंगाचा डबा उघडू नका. फोटोवरून फक्त एवढंच ठरवा की इथे दोन वेगळे रंग आहेत आणि त्यांची हद्द अशी जाते. कोणते रंग, ते लॉगबुक किंवा सामानाच्या यादीतून.

आणि हार्टलपूलच्या आजच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून १८१७ रंगवू नका. पांढरा पट्टा नंतरच्या रिवाजाचा. नेपोलियनच्या युद्धांच्या शेवटाला पिवळा जास्त दिसतो.

रंधा

फुद्रोयां! मी कधीच हे नाव टाकून बघितलं नव्हतं. काल रात्री बसून शोधलं तर एका बैठकीत चाळीसहून जास्त फोटो मिळाले, त्यातले सहा दोन रांगांच्या खिडक्यांचे, ते लगेच वेगळे काढले.

दप्तरखाना, जावाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. ज्या आराखड्याच्या शोधात मी आहे तो एकदा समुद्रावर जळून गेलाय.

एक विचारायचं राहिलं. जहाज सागवानाचं, म्हणून मॉडेलही सागवानात करावं का? आजोबांच्या खोलीत जुन्या सागाच्या फळ्या आहेत.

करवत

लाकडापुरतं बोलतो. सागाचे रेषे १:६४ ला फार जाड दिसतात. खऱ्या फळीवर जी रेघ शोभते ती मॉडेलवर दहा इंची भेगेसारखी वाटते. शिवाय बारीक पट्टी वाकवताना साग चिरतो आणि त्यातल्या तेलामुळे गोंदही नीट धरत नाही, चिकटवण्याआधी पुसून घ्यावा लागतो. नासपती, चेरी किंवा बॉक्सवूड घ्या, रेषे अगदी बारीक. आजोबांच्या फळ्यांचा पाया करा, ज्यावर मॉडेल उभं राहील. तिथे साग सुंदर दिसेल.

गलबत७२

करवतशी सहमत.

दोन दिवस विचार केला आणि १८१७ ला माझा विरोध मागे घेतो, एका सूचनेसह. १८१७ करायचं तर शिडं, दोरखंड, होड्या यातलं काहीच करू नका. सतराव्या-अठराव्या शतकात नेव्ही बोर्ड पद्धतीची मॉडेलं करत : फक्त हल, खालच्या भागाला फळ्या नाहीत, फ्रेम उघड्या, बऱ्याचदा डोलकाठ्याही नाहीत. या पद्धतीत तुम्ही तेवढंच बांधता जेवढ्याचा पुरावा आराखड्यात आहे. सागाच्या फ्रेम कशा उभ्या केल्या असतील हेच तर तुम्हाला दाखवायचंय ना? मग त्यावर फळ्या ठोकून झाकायचं कशाला?

आतल्या बांधणीसाठी स्कॉटलंडमधल्या डंडीला उभी असलेली 'युनिकॉर्न' बघा. याच लिडा वर्गाची, चॅटमला बांधून १८२४ मध्ये पाण्यात उतरलेली. तिला कधीच डोलकाठ्या चढल्या नाहीत, वर छप्पर घालून राखीव ठेवली, त्यामुळे आतलं लाकूड मोठ्या प्रमाणावर मूळचं आहे. फक्त सांभाळून : सात वर्षांनंतरचं जहाज आहे आणि तिच्यात लोखंडी कोने (तुळई आणि बाजू जोडणारे आधार) आणि पट्ट्या आल्या आहेत. त्या तशाच मुंबईच्या जहाजात घालू नका. तुळया आणि डेकची मांडणी समजून घेण्यापुरता उपयोग करा.

पुढे कधी शिडांसह करायची इच्छा झाली तर डेव्हिड स्टील यांचं १७९४ चं डोलकाठ्या आणि दोरखंडांवरचं पुस्तक बघा. जहाजाच्या तोफांच्या संख्येनुसार प्रत्येक काठीची लांबी आणि दोराची जाडी कोष्टकात दिलीय. हक्क केव्हाच संपलेत, स्कॅन मोफत मिळतो. तेवीस वर्षं आधीचं आहे हे धरून चालायचं. तांब्याचे पत्रे लावायचे झाले तर नौदलाचा पत्रा ४ फूट बाय १४ इंच, म्हणजे तुमच्या प्रमाणात १९ मिमी बाय साडेपाच मिमी. बाजारात तयार मिळणाऱ्या पट्ट्या क्वचितच या मापाच्या असतात, आधी मोजून घ्या.

नोंदवही

सगळ्यांनी शोधण्याबद्दल लिहिलंय, मी जपण्याबद्दल आणि वाटण्याबद्दल लिहिते, कारण रंधाताईंचे आठ महिने एका बिननावाच्या आराखड्याने खाल्ले. तो कोणीतरी चांगल्या मनानेच वाटला असणार. फक्त कुठून आला ते लिहिलं नाही. असे आराखडे मीही पूर्वी पुढे पाठवलेत आणि आज त्याचं मला फार वाईट वाटतं.

माझी आत्ताची पद्धत सांगते. फाइलचं नाव 'आराखडा-अंतिम' असं कधीच ठेवत नाही. नावात चार गोष्टी असतात : जहाज, कोणत्या सालची स्थिती दाखवते ते, कोणत्या संग्रहातून आली आणि त्यांचा नोंदणी क्रमांक. साल माहीत नसेल तर 'साल अनिश्चित' असं लिहिते. रिकामं सोडलं की पुढचा माणूस आपल्या सोयीचं साल धरतो. मूळ स्कॅन आहे तसा ठेवते, न कापता, न उजळवता, कडेच्या शिक्क्यांसकट. साफ केलेली, रेषा गडद केलेली प्रत वेगळी, आणि तिच्या नावात 'माझी दुरुस्ती' असं असतं. स्वतः काढलेल्या आराखड्यावर तर हे फारच गरजेचं. जिथे पुरावा आहे ती रेष सलग काढा, जिथे तुमचा अंदाज आहे ती तुटक. एवढं केलं तरी पुढच्या दहा जणांचे महिने वाचतील.

हक्कांचंही बघा. दोनशे वर्षांपूर्वीचा आराखडा जुना आहे म्हणून संग्रहालयाने दिलेली त्याची प्रत वाटायला मोकळी असते असं नाही. प्रत घेताना कोणत्या अटीवर दिली ते लिहून ठेवा. वैयक्तिक वापरासाठी दिली असेल तर फाइल वाटू नका, नोंदणी क्रमांक वाटा. समोरच्याला क्रमांक मिळाला की तो स्वतः मागवतो, आणि ताजी, रंगीत, पूर्ण मापाची प्रत त्याच्या हाती येते. माझ्या अनुभवात क्रमांकांची यादी ही फाइलींच्या ढिगापेक्षा जास्त कामाची ठरते.

कोणी हार्टलपूल किंवा डंडीला जाणार असेल तर दोन ओळी. फोटो काढताना चौकटीत मोजपट्टी ठेवा, कॅमेरा वस्तूला काटकोनात धरा, आधी लांबून सगळी बाजू घ्या आणि मग जवळून. नुसते जवळचे फोटो घरी आल्यावर कुठले ते कळत नाहीत. आणि जे कोणी टिपत नाही ते टिपा : कोपरे, तुळया भिंतीला मिळतात तो सांधा, खिडकीची आतली कड. डोलकाठ्यांसह देखण्या जहाजाचे फोटो हजारोंनी आहेत, तुळईच्या सांध्याचे शोधून सापडत नाहीत.

भिंगवाला

नोंदवहींच्या लिखाणाला +१. जोड म्हणून एक. डाउनलोड केलेला किंवा मागवलेला आराखडा छापला की आधी त्यावरची मापपट्टी मोजा, आडवी आणि उभी दोन्ही. जुना कागद दोन दिशांना सारखा आकसत नाही, आणि छपाईयंत्रंही 'पानात बसवण्यासाठी' माप गुपचूप बदलतात. नौदलाचे आराखडे बहुतेक १:४८ चे. त्यावर ४८ फूट बरोबर एक फूट, म्हणजे ३०४.८ मिमी भरले पाहिजेत. ३०१ भरले तर सव्वा टक्क्याचा फरक, आणि तुमच्या ७१ सेंमीच्या हलवर तो जवळजवळ ९ मिमी होतो. एवढ्या फरकात एक तोफखिडकी इकडची तिकडे होते.

रंधा

पंधरा दिवसांनी लिहितेय, काम चालू होतं म्हणून.

ठरलं : ऑक्टोबर १८१७, फक्त हल, खालच्या फ्रेम उघड्या, डोलकाठ्या नाहीत. पाया आजोबांच्या सागाचा, बाकी चेरी. गलबत७२, ही सूचना मिळाली नसती तर मी दोरखंडांच्या मापांत वर्ष घालवलं असतं आणि त्यातलं निम्मं अंदाजावर असतं.

पुराभिलेखागाराला अर्ज पाठवलाय, मरीन विभाग, १८१२ ते १८१९, जमशेटजींच्या नावाची सात स्पेलिंगं सोबत जोडून. ग्रिनिचहून लिडा वर्गाच्या एका आराखड्याची रंगीत प्रत आली. पिछाडीजवळ वेगळ्या शाईच्या रेषा आहेत, काळ्या-पांढऱ्या प्रतीत त्या मला दिसल्याच नसत्या.

इंटरनेटवरून घेतलेला तो बिननावाचा आराखडा मी दोघांना दिला होता. दोघांना कळवलं की तो १८४५ नंतरच्या पिछाडीचा आहे. एकाने अजून कापायला सुरुवात केली नव्हती.

भिंगवाला, तुमच्या सांगण्यावरून काल मापपट्टी मोजली. आडवी ३०३ मिमी भरली, उभी ३०४.५. आडव्या दिशेत दुरुस्ती करून पुन्हा छापतेय. आधी पुठ्ठ्याचे साचे कापते, कण्यावर उभे करून बघते आणि फोटो इथेच टाकते. अंदाजाच्या जागी तुटक रेष काढलीय, आत्तापर्यंत अकरा ठिकाणी.